मूर्ती लहान, उपद्रव महान

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचे ३४६ सीसीचे इंजिन पूर्ण खोलून, ब्लॉकला बोअर मारून, म्हणजे त्याचे झिजलेले भोक किंचित मोठे करून, आणि पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या क्रँकला नवे बिग एंड बेअरिंग घालून पुन्हा जोडायला बसलेल्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी कळून चुकते, की या कामात जड भाग अत्यंत सज्जन असतात. क्रँक उचलताना दोन्ही हात भरून येतात, पण एकदा जागेवर बसला की त्याची कुरकुर नसते. सगळा छळ मांडते ती नखाएवढी मंडळी.

टायमिंगच्या चाकांचेच पाहा. क्रँकवरचे छोटे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची दोन चाके यांवर बारीक ठिपके असतात, आणि ते समोरासमोर आले तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात. वडिलांनी बॅटरी धरली, मी चष्मा पुसला आणि पत्रिकेतले गुण जुळवावेत तसे आम्ही ते ठिपके जुळवले. पिनियनला धरून ठेवणारा, ऑइल पंप फिरवणारा वर्म नावाचा नट उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घट्ट करताना तो डावीकडे फिरवायचा. मी पाना उचलला, की वडील आधीच गर्जत, “अरे, उलटा! उलटा!”

पण खरा खलनायक सर्क्लिप. पिस्टनची पिन बाहेर सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बसवायची ही तारेची चिमुकली कडी इंजिनाच्या पोटात पडली, तर तिच्यासाठी सगळे पुन्हा खोलावे लागते. म्हणून चेंबरच्या तोंडावर फडके कोंबूनच ती बसवतात. मी धुतलेले फडके नीट कोंबले, नोज प्लायरने कडी धरली, दाबली, आणि तिने खाली पडण्याचा विचारही न करता थेट वर उड्डाण केले. पडवीत शांतता पसरली. मग वडिलांच्या चहाच्या बशीत ‘टिंग’ असा आवाज झाला. त्यांनी कडी पुसून माझ्या हातात दिली आणि राहिलेला चहा आत जाऊन प्यायले.

पिस्टनवरच्या तिन्ही रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ न देता, त्या बोटांनी दाबून धरत वरून बिडाचा ब्लॉक उतरवायला तीन हात लागतात. तिसरा हात बायकोचा होता. तो तिने भाजी चिरता चिरता दिला आणि काळा करून परत नेला, याची नोंद घरात अजून अधूनमधून वाचली जाते.

ठिणगीचे टायमिंग हे तर चारित्र्याची परीक्षा पाहणारे प्रकरण आहे. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी ०.८ मिलिमीटरवर पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडणारे विजेचे दोन संपर्क, उघडले पाहिजेत. ते नेमके कधी उघडतात हे पाहायला मिस्त्री पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरतात. कागद सैल होऊन निसटला की तोच क्षण. आमच्या घरात सिगारेट कोणी ओढत नाही. सबब मी टपरीवर जाऊन पाकीट घेतले, आणि नेमक्या त्याच वेळी सोसायटीचे सचिव तिथे पान लावून घेत होते. “टायमिंगसाठी हवंय,” असे मी स्पष्टीकरण दिले. त्यांनी मान हलवली, ती सहानुभूतीने.

शेवटी ऑइल भरले, विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अॅमीटरचा काटा किक हळू दाबत मध्यावर आणला, सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबून किक थोडी पुढे सरकवली आणि देवाचे नाव घेऊन मारली. गाडीने एकदा खोकून दाखवले आणि मग ती ठोके मोजावेत इतक्या संथपणे बोलू लागली. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरकडे ऑइल नेणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तिथवर ऑइल चढते आहे हे पाहिले, तेव्हा मला बाहेर फेरी मारण्याची परवानगी मिळाली; अट अशी, की पिस्टन नवा असल्यामुळे पहिले ५०० किलोमीटर चाळिसाच्या वर काटा न्यायचा नाही.

त्या वेगाने मी ऐटीत बायपासवर निघालो. शाळेची रिक्षा पुढे गेली, उसाचा ट्रॅक्टर माझ्या बरोबरीने चालू लागला, आणि मागून आलेल्या एका मोपेडवाल्या पोराने वेग कमी करून अत्यंत आस्थेने विचारले, “काका, पेट्रोल संपलं का? पाय लावू?”