गॅस गेलाय, साहेब!

मे महिन्यात भर दुपारी एसी वारा फेकायचा थांबला की घरातल्या प्रत्येकाच्या अंगात मेकॅनिक संचारतो. कुणी रिमोट तळहातावर आपटतं, कुणी २४ चे १६ करतं, आणि शेजारचे काका उंबरठ्यावरूनच निकाल देतात, ‘गॅस गेलाय.’ काकांनी एसीकडे वर मान करून पाहिलेलंही नसतं. पण एसीच्या दुनियेत गॅस म्हणजे दृष्ट लागण्यासारखं आहे. कशाचाही दोष त्याच्यावर ढकलता येतो.

गॅस बिचारा वारा देतच नाही. गॅस आणि कॉम्प्रेसर मिळून गारवा करतात. वारा फेकतो तो इनडोअरच्या पोटातला लांबुळका, पात्यापात्यांचा ब्लोअर. गॅस सगळा उडून गेला तरी ब्लोअर सहसा फिरत राहतो आणि खोलीतलीच गरम हवा इमानेइतबारे अंगावर सोडतो. म्हणून तक्रार नोंदवताना ‘एसी चालत नाही’ असं मोघम सांगू नये. ‘वाराच येत नाही’ म्हणावं.

त्याआधी रिमोट बघावा. रिमोट फक्त बोलतो, ऐकत नाही. त्याच्या पडद्यावर १८ दिसतं ते त्यानं सांगितलेलं असतं, एसीनं मानलेलं नव्हे. मोबाइलचा कॅमेरा, शक्यतो पुढचा, रिमोटच्या नाकासमोर धरून बटण दाबावं. जांभळट ठिणगी लुकलुकली तर सेल ठीक आहेत. मग पडद्यावर बर्फाचं फूल आहे की पाण्याचा थेंब ते पाहावं. फूल म्हणजे कूलिंग, थेंब म्हणजे हवेतला दमटपणा काढणारा ड्राय मोड. त्यात पंखा मंद होतो, काही मॉडेलांत मधूनमधून थांबतोही. घरातल्या चिरंजीवांनी खेळता खेळता हा थेंब लावलेला असतो आणि बाबा तिकडे कंपनीच्या नावानं खडे फोडत असतात.

रिमोट निर्दोष सुटला की फिल्टर. झाकण उचला, जाळ्या काढा, उजेडाकडे धरा. पलीकडचं दिसत नसेल तर एसीलाही श्वास घेता येत नाही. नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी हे करायचं, वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईत नव्हे.

खरा माल मात्र ब्लोअरवर असतो. मेन स्विच बंद करून खालच्या पट्ट्या हलकेच वळवा आणि आत टॉर्च मारा. हॉल आणि स्वयंपाकघर एकच असलेल्या घरात फोडणीचं तेल हवेतून तिथवर पोचतं, त्यावर धूळ बसते आणि प्रत्येक पात्याच्या खोबणीत काळपट लोकर जमते. खोबणी भरली की ब्लोअर पूर्ण वेगानं फिरूनही वारा नाही. सर्व्हिसिंगमध्ये बरेचदा पुढची कॉइल, म्हणजे हवा गार करणारी नळ्यांची जाळी, तेवढी धुतात, भिंत रंगवतात आणि जातात. ‘ब्लोअर धुणार का?’ हे आधी विचारून घ्यावं.

आता बर्फ. जाळी किंवा ब्लोअर तुंबला, त्यात पंखा लो आणि रात्रभर १६, म्हणजे कॉइलवर पुरेशी हवा जात नाही. ती शून्याखाली उतरते आणि हवेतलं बाष्प तिच्यावर गोठतं. बर्फानं वाट अडते, हवा आणखी कमी, बर्फ आणखी जाड. काही घरांत हा बर्फ पाहून ‘बघा, काय कूलिंग आहे!’ असं कौतुकही होतं. अशा वेळी कूलिंग बंद करून दोन-तीन तास फॅन मोडवर ठेवावं, खाली बादली आणि जुनी चादर. सुरी, उलथनं वगैरे आयुधं ओट्यावरच असू द्यावीत. कॉइलच्या नळीला टोचलं तर काकांचं भाकीत तिथल्या तिथे खरं ठरतं.

ब्लोअर फिरतच नसेल तर मेन स्विच बंद ठेवूनच बोटानं जरा ढकलून पाहा. सहज फिरला, पण वीज दिल्यावर नुसता गुणगुणला, तर संशयित क्रमांक एक म्हणजे पंख्याच्या मोटरला फिरायला जोर देणारा कपॅसिटर, साधारण एक ते अडीच मायक्रोफॅरडचा. भाग स्वस्त, पण वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, तेव्हा हात मेकॅनिकचाच लागू द्या. अनेक इन्व्हर्टर एसींत डीसी मोटर असते, तिला हा कपॅसिटर नसतो. तिथे मोटर किंवा पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, तपासावा लागतो. मोटरचा आवाज येतो पण ब्लोअर ढिम्म, तर त्याला मोटरच्या दांड्याशी जखडणारा स्क्रू ढिला झालाय. तो आवळायला काही मिनिटं लागतात, निदानाला मात्र सगळी सोसायटी लागते.

सगळं स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ धरत असेल, तर मात्र गॅस कमी असण्याची शक्यता खरी. पण ‘दरवर्षी थोडा भरावाच लागतो’ यावर मान डोलावू नका. एसीची नळी फ्रिजसारखीच बंदिस्त असते आणि फ्रिजमध्ये दर उन्हाळ्यात कुणी गॅस भरत नाही. गॅस गेला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधायची, बुजवायची, व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल खेचून काढायची आणि आऊटडोअरच्या स्टिकरवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस मोजून भरायचा. मेकॅनिक आला की वजनकाटा आणलाय का, ते विचारा. त्यानं पिशवीतून खरंच काटा काढला, तर चहाबरोबर बिस्किटंही द्या.