‘याचं ओरिजिनल कुठंय?’

गेल्या महिन्यात काळा घोड्याला आमचा ग्रुप शो होता. माझा एक वुडकट होता त्यात, म्हणजे लाकूड कोरून त्यावरून छापलेलं चित्र. एक गृहस्थ बराच वेळ बघत उभे राहिले. मग खाली पेन्सिलीने लिहिलेलं ३/१०, म्हणजे दहातली तिसरी प्रिंट, त्यांनी वाचलं आणि विचारलं, “म्हणजे ही कॉपी. ओरिजिनल कुठंय?”

त्यांचा राग नाही आला. पण आर्टमधली जाणती माणसंही हाच हिशेब करतात, तेव्हा जिवाला लागतं. मोठी भिंत कॅनव्हासला, प्रिंट जिन्याजवळ. एका फ्रेमवाल्याने तर माझ्या प्रिंटचा समास सही-नंबरासकट कापून टाकला होता. अहो, लाकडावरचं चित्र उलटं असतं. कागद ठेवून चमच्याच्या पाठीने तासभर घासल्यावर ते पहिल्यांदा सुलटं होतं. दहा प्रिंट काढल्या, तर दहाही ओरिजिनल!

अशा वेळी मला प्रिंटमेकर झरीना आठवतात. आडनाव हाश्मी, पण कलाजगतात त्या नुसत्या ‘झरीना’. १९३७ साली अलीगढला जन्मल्या, शिकल्या गणित. नवरा परराष्ट्र सेवेत, त्यामुळे बिऱ्हाड पाठीवर. त्याच फिरतीत हात तयार झाला. बँकॉकला वुडकट, पॅरिसला हेटर यांच्या ‘आतलिए १७’ या प्रिंट स्टुडिओत धातूच्या पत्र्यावरची प्रिंट, १९७४ मध्ये टोकियोला तोशी योशिदांकडे जपानी वुडब्लॉक. पुढे न्यूयॉर्कला स्थिरावल्या.

त्यांनी कागदाला सुईने टोचून टोचून कामं केली, त्यात शाईचा थेंब नाही. मग कागदाचा लगदा साच्यात ओतून शिल्पं केली. शिल्पकार की प्रिंटमेकर, असं विचारणाऱ्याने एकदा त्यांचं २००१ सालचं ‘डिव्हायडिंग लाइन’ बघावं. भारत-पाकिस्तानची सीमा, एक काळी वाकडीतिकडी रेघ, बस्स. पण वुडकटमध्ये रेघ काळी उमटायची तर ती तेवढी उंच ठेवून आजूबाजूचं सगळं लाकूड कोरून काढावं लागतं. म्हणजे दोन्ही बाजूंची जमीन त्यांनी पटाशीने खरवडली. फाळणी झाली तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या, आणि १९५९ मध्ये घरचे लोक कराचीला गेले. पेनाने ओढलेल्या रेघेत हे येईल? मला नाही वाटत. हे शिल्पकाराच्याच हाताचं काम आहे.

आणि मोठा मान मिळाला कधी? २०११ मध्ये व्हेनिस बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात भारताचं पहिलं अधिकृत दालन झालं, आपल्या मुंबईच्या रणजित होस्कोटेंनी क्युरेट केलेलं. त्यात झरीना होत्या. तेव्हा त्या सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियममध्ये सगळ्या कारकिर्दीचं प्रदर्शन २०१२ मध्ये आणि तेच पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये. २०२० मध्ये त्या गेल्या. इतका उशीर का झाला याची कारणं बरीच असतील. प्रिंटला दुय्यम मानणं हे त्यातलं एक, असं माझं ठाम मत आहे.

१९९७ मध्ये त्यांनी आपण राहिलो त्या घरांचे नकाशे छापले, नऊ. ते बघून मी आमच्या गिरगावातल्या चाळीचा घेतला. चाळ पडली, जागेवर टॉवर उभा राहतोय. दहा बाय बाराची खोली आठवून आठवून प्लायवर काढली. कोरताना लक्षात आलं, भिंती रेघांसारख्या उमटायच्या तर मधली खोलीच खोल करावी लागतेय. तीन रात्री मी आमची खोली कोरत होते. मोरी, ओटा, गॅलरीचं दार.

आईला प्रिंट दाखवली. छान म्हणाली आणि बाजूला ठेवली. मग टेबलावरचा शाई लागलेला ब्लॉक तिने मांडीवर घेतला. सगळं उलटं होतं, तरी तिचं बोट बरोबर दारातून आत शिरलं, मोरीला वळसा घालून खिडकीखालच्या खळग्यात थांबलं.

“इथे तुझे बाबा बसायचे,” म्हणाली.