बी.ए. दोघांचंही, पुढची दोन वर्षं फक्त मुलाची

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी माजी विद्यार्थ्यांची माहिती लागते. कोण नोकरीला लागलं, कोण पुढे शिकतंय. आमच्या विभागात फोन लावायचं काम माझ्याकडे आहे. मुलांचे नंबर बहुतेक लागतात. कुणी चाकणला कंपनीत, कुणी सुरतला, कुणी पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय. मुलींचे नंबर एक तर बंद, नाही तर फोन वडील उचलतात. "तिनं लगन हुई गयं, मॅडम."

"आर्ट्सला स्कोप नाही" हे वाक्य ऐकून मला संताप येतो. स्कोप नसता तर तो दोघांनाही नसता. देशात बी.ए. करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली आहेत. आमच्या वर्गात मुलीच पुढे असतात, मार्कांतही.

फरक पडतो तो निकालानंतर. मुलाला घर दोन-तीन वर्षं देतं. कॉट बेसिसवर जागा, मेस, टेस्ट सिरीज, सगळं कापसाच्या पैशांतून. प्रिलिम गेली तर "परत दे" म्हणतात. मुलीचा बायोडाटा मात्र तिसऱ्या वर्षाची परीक्षा व्हायच्या आधीच फिरायला लागतो आणि तो नोकरीसाठीचा नसतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, मान्य. पण पोलीस भरतीचे ८०० मीटर पळायचे तर पहाटे सराव हवा, आणि पहाटे पोरीला रस्त्यावर पळू कोण देतं?

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं. स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी आज मुख्यतः पहिल्या मुलानंतर रुंदावते, असं त्यांनी दाखवलं. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपडा-यावलकडे एवढी वाटही बघावी लागत नाही. पहिली नोकरी लागायच्या आतच दरी पडलेली असते.

आकडे बघून फसू नका. केंद्राच्या श्रमबल पाहणीत १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा सहभाग (काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या) २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला (पुरुषांचा ७८.८). त्यात घरच्या शेतीत बिनपगारी राबणारीही धरलेली असते. माझी एक विद्यार्थिनी, मराठीत विभागात पहिली, आज सासरी कापूस वेचते. सरकारच्या हिशोबात तिला रोजगार आहे. तिच्या हातात मोबाईलच्या रिचार्जपुरतेही पैसे नसतात. कष्टाला मी कमी लेखत नाही, पण त्या कष्टाचे पैसे तिच्या खात्यात यायला नकोत का?

पालकांनो, पोरीलाही निकालानंतर दोन वर्षं द्या, पोराला देता तशीच. आणि कॉलेजांनी स्पर्धा परीक्षेचे वर्ग संध्याकाळी ठेवणं बंद करावं. गावाकडची शेवटची एसटी चुकेल म्हणून निम्म्या मुली नावच देत नाहीत. वर्ग दुपारी बाराला घ्या, असं पत्र मी प्राचार्यांना दिलंय. बाकीच्या कॉलेजांतल्या सहकाऱ्यांनीही द्यावं, मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये मागा.