हद्दवाढीत त्या भागाचे मत वेगळे मोजा

शेजारची वस्ती हद्दीत घेऊन तिथे शहराचा नवा विभाग करण्याच्या प्रस्तावाची बातमी आज वाचली आणि तिच्याखाली एका परिचितांनी लिहिलेले ‘उशिरा का होईना, विकास होणार’ हे वाक्य पाहून संताप आवरेना. बातमीत क्षेत्रफळ होते, अपेक्षित करवसुली होती. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले का, याचा मात्र उल्लेखही नव्हता.

आमचा भाग असाच समाविष्ट झाला तेव्हा वडिलांनी रीतसर हरकत नोंदवली होती. पाण्याच्या टाकीपासून वाचनालयापर्यंत लोकांनी वर्गणी काढून जे जे उभे केले, ते सारे त्यांनी फुलस्केपच्या दोन्ही बाजू भरून लिहिले. खिडकीतल्या कारकुनाने तो कागद न वाचताच त्यावर आवक शिक्का मारला. सुनावणीत त्यांचे नाव पुकारले, ते उठून बोलू लागले, तोच ‘मुद्दा नोंदवून घेतला’ असे सांगून पुढचे नाव पुकारण्यात आले. याला सुनावणी म्हणायचे?

पेनसिल्व्हेनियातील अलेगेनी हे स्वतंत्र शहर १९०७ साली शेजारच्या पिट्सबर्गमध्ये विलीन झाले. आदल्या वर्षी मतदान झाले खरे, पण दोन्ही शहरांची मते एकत्र मोजण्याची तरतूद कायद्यातच होती, त्यामुळे अलेगेनीचे बहुमत विरोधात असूनही त्याचा उपयोग झाला नाही. सर्वोच्च न्यायालयानेही रहिवाशांच्या संमतीविना हद्द बदलण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. आज तो भाग पिट्सबर्गची ‘नॉर्थ साइड’ आहे. आपली कामे आपल्या पैशातून झालेली असताना दुसऱ्यांच्या कर्जाचा भार आपण का उचलावा, असे अलेगेनीकर विचारत होते. अलेगेनीचे नावही न ऐकलेल्या वडिलांच्या कागदात जवळजवळ हेच होते.

मोठ्या जलवाहिन्या आणि सांडपाण्याची व्यवस्था लहान संस्थेला झेपत नाही, हे मान्य. पण नळजोडणीच्या बदल्यात माणसाने आपले मत सोडून द्यावे, असा सौदा कोणी ठरवला? शिवाय समावेशानंतर भाग अखंड राहीलच असेही नाही. पॅरिसने १८६० साली बेलव्हिल सामावून घेतले तेव्हा ते दोन विभागांत वाटून टाकले. आमच्याही भागाचे दोन प्रभाग झाले आणि आमचा असा एकही प्रतिनिधी उरला नाही.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. त्या कारकुनावर तर आता मुळीच राग नाही, कारण तो कागद वाचण्याचे काम त्याला कोणी दिलेच नव्हते. वडिलांनी मात्र ती पोच शेवटपर्यंत घरपट्टीच्या पावत्यांसोबत नीट घडी करून ठेवली होती, कारण आपले म्हणणे कुणीतरी वाचेल असे त्यांना खरोखर वाटत होते.

प्रस्तावित हद्दीत ज्यांची घरे आहेत त्यांनी मुदतीआधी लेखी हरकत द्यावी आणि समाविष्ट होणाऱ्या भागाचे मतदान स्वतंत्र घेऊन स्वतंत्रच मोजावे, ही मागणी त्यात सर्वांत वर लिहावी. मसुदा हवा असल्यास मला कळवा. सुनावणीलाही मी सोबत येईन.