डावीकडे झुकलेले दाजी

बोटीत पाणी शिरलं की शहाणी माणसं बादल्या घेऊन धावतात, आणि मी स्वतःच्या पैशाने पंप आणून तळ्यातलं पाणी बोटीत घेत होतो. बायको धक्क्यावर उभी राहून बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "अरे, पंप उलटा नाही ना लावलास?"

नव्हता लावला. वेकसर्फिंगमध्ये, म्हणजे चालत्या बोटीमागे फळीवर उभं राहायच्या खेळात, बोटीची दोरी फक्त उभं राहीपर्यंत धरायची, मग सोडून द्यायची आणि बोटीने मागे उठवलेल्या लाटेवर आपलं आपण तरंगत राहायचं. बोट जेमतेम ताशी 16 ते 19 किलोमीटरने चालते, त्यामुळे लाट हवी असेल तर बोट पाण्यात खोल बसायला हवी, म्हणजे वजन हवं. नव्या सर्फ बोटींमध्ये टाक्या असतात, बटण दाबलं की भरतात. आमच्या जुन्या बोटीतही बटण आहे, ते हॉर्नचं आहे आणि ते पण चालत नाही.

पहिल्या वर्षी आमचं बॅलास्ट, बोट खाली दाबणारं वजन हो, म्हणजे नातेवाईक. फुकट, स्वतः चढतात, स्वतः उतरतात. सगळ्यांना डाव्या बाजूला मागे बसवायचं, बोट तिकडे कलली की त्या बाजूची लाट छान साफ होते. पण नातेवाईक उठतात हो. कुणाला ऊन लागतं, कुणाला फोटो काढायचा असतो, आणि काका उजवीकडे गेले की माझी लाट पण काकांबरोबर जाते. पाणी असं करत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, दिलेल्या जागी बसतं, रुसत नाही. म्हणून 340 किलो पाणी मावेल अशी एक पिशवी मागवली. दोन बाजूंना दोन घ्याव्या असं सगळे सांगत होते, पण मी म्हटलं सर्फ करणार मी, माझा डावा पाय पुढे, म्हणजे मला कायम डावीकडचीच लाट लागणार, मग दुसरी पिशवी कशाला? हे वाक्य लक्षात ठेवा.

दोन ठिकाणी मात्र काटकसर केली नाही. एक म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि पंखा पोटाखाली असलेलीच बोट. मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरचं इंजिन, लटकवून त्याच्यापासून चार हातांवर माणूस खेळवायचा हा वेडेपणा कुणी करू नये. आणि दुसरं, बोटीवर क्षमतेची पाटी असते ना, त्यात पिशवीतलं पाणी पण धरायचं. ते काकांइतकंच वजन आहे.

खरी पद्धत अशी की बोटीच्या तळाला भोक पाडायचं, व्हॉल्व्ह बसवायचा आणि पंप कायमचा जोडून टाकायचा. मी ड्रिल हातात घेऊन बोटीखाली पाऊण तास उताणा पडलो होतो. धडधाकट बोटीला पाण्याच्या पातळीखाली आपल्या हाताने भोक पाडायचं, हे मनाला पटेचना. ड्रिल ठेवून दिलं आणि साधा बिल्ज पंप आणला, तोच पंप जो बोटीतलं पाणी बाहेर फेकतो. तो नळीला बांधून कडेवरून तळ्यात सोडायचा, वायर लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायची, झालं. सॉकेटचा फ्यूज तिसऱ्या सेकंदाला उडाला, कारण पंप मी हौसेने सगळ्यात मोठा घेतला होता. मग जाड वायर, बॅटरीजवळ वेगळा फ्यूज, असं करत ती संध्याकाळ गेली. नळी पंपाच्या तोंडावर चढत नव्हती, गरम पाण्यात बुडवली तेव्हा चढली, तोवर आमची बोटं पण शिजली होती.

दुसऱ्या दिवशी पंप सुरू केला तर पिशवी फुगली, टम्म, पण बोट काही खाली जाईना. आत हवा! वरचं बूच थोडं सैल ठेवून हवा बाहेर सोडायची असते, हे मेव्हण्याने शोधून काढलं, आणि शोधताना तोंड नेमकं बुचावर होतं. त्यानंतर पिशवी नीट भरली. भरली म्हणून पंप बंद करून आम्ही चहा घेत बसलो आणि दहा मिनिटांनी बघतो तर पिशवी अर्धी. नळीचं टोक तळ्यातच होतं, पिशवीतलं पाणी तळ्याच्या पातळीच्या वर, मग काय, सायफन होऊन पाणी आल्या वाटेने माघारी गेलं. नळी काढून बूच लावायचं एवढंच काम होतं.

आणि रिकामी करायची वेळ आली तेव्हा कळलं की हा पंप एकाच दिशेने चालतो. पिशवीचं खालचं बूच उघडून पाणी बोटीच्याच तळात सोडलं, तिथून बोटीच्या स्वतःच्या बिल्ज पंपाने ते बाहेर फेकलं. थोडं थोडं सोडायचं, थांबायचं, परत सोडायचं. शेवटचं पाणी निघेना तेव्हा मी आणि मेव्हणा पिशवीवर आडवे पडलो. धक्क्यावरून एक गृहस्थ विचारून गेले, सगळं ठीक आहे ना.

तर शेवटी रविवारी सगळं जुळलं. पिशवी डावीकडे तुडुंब, बूच घट्ट, नळी गुंडाळलेली, बोट डावीकडे अशी झुकलेली की सुपारी ठेवली तर घरंगळत जाईल. मी चालवत होतो, म्हणून पहिला मान मेव्हण्याला. दोरी ताणली, तो उठला, आणि मागे लाट, काय सांगू, काचेसारखी. मी ओरडलो, "सोड दोरी!"

तो लाटेकडे पाठ करून उभा होता. दोनदा पडला, तिसऱ्यांदा पडल्यावर पोहत बोटीपाशी आला आणि शिडीला धरून म्हणाला, "दाजी, माझा उजवा पाय पुढे येतो. मला ती पलीकडची लाट लागेल."

बायकोने काही न बोलता पिशवीचं खालचं बूच माझ्या हातात दिलं. म्हणजे उघडूनच.