ओपन सोर्स फर्मवेअरच्या अपडेटचे पैसे उपकरणाच्या किमतीतच घ्या

"बोर्डवर कोअरबूट आहे, सोर्स खुला आहे, मग अपडेटला पैसे कसले?" हा प्रश्न सतत विचारला जातो आणि तो रास्तही आहे. (फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या चिपमध्ये बसलेलं, ते सुरू करणारं सॉफ्टवेअर; कोअरबूट हे संगणकाच्या मदरबोर्डसाठीचं असंच एक खुलं फर्मवेअर.) पण जीपीएल हे कोअरबूटचं लायसन्स आपल्याला सोर्स मिळण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क देतं, बस. पुढची पाच वर्षं कुणीतरी त्यातली भोकं बुजवत राहील असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. उलट कसलीही हमी नाही, हे मात्र स्पष्ट लिहिलेलं आहे.

माझं मत असं आहे की ज्याने उपकरण विकून पैसे घेतले, त्यानेच सुरक्षेच्या अपडेटचा खर्च उचलावा. ती रक्कम विक्रीच्या वेळीच किमतीतून बाजूला काढावी, आणि अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते खोक्यावर छापावं.

हा खर्च कशाचा असतो? कोड लिहिणं हा त्यातला लहान भाग. जानेवारी २०२४ मध्ये ईडीके-२ या दुसऱ्या खुल्या फर्मवेअर प्रकल्पाच्या नेटवर्क बूटच्या (नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्याच्या) कोडमधले नऊ दोष 'पिक्सीफेल' या नावाने जाहीर झाले. मूळ प्रकल्पात दुरुस्ती झाली तरी ती आपोआप कुणाच्या मदरबोर्डवर पोचत नाही. दर मॉडेलसाठी वेगळी इमेज (चिपमध्ये भरायची तयार फाइल) बांधायची, तिच्यात नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या) घालायचा, डिजिटल सही करायची आणि मग खऱ्या बोर्डवर तपासायची. त्यासाठी प्रत्येक मॉडेलचे निदान दोन नग हाताशी लागतात: एक रोजच्या चाचणीचा, आणि दुसरा असा की ज्याच्या एसपीआय चिपला (फर्मवेअर साठवणाऱ्या फ्लॅश चिपला) प्रोग्रामर या चिप लिहिणाऱ्या उपकरणाची क्लिप कायम लावलेली आहे, म्हणजे बोर्ड मेला तर परत उठवता येतो. शिवाय बूट होतानाचे संदेश दाखवणारा सिरियल कन्सोल आणि वीज चालू-बंद करणारा रिले. थंड बूट (पूर्ण बंद यंत्र चालू करणं), रीबूट, स्लीपमधून उठणं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या रॅम, एनव्हीएमई एसएसडीवरून बूट, पंख्याचा वेग, हे सगळं दर वेळी नव्याने बघावं लागतं.

आणि बिघडतंही इथेच. एखाद्याच रॅम मोड्यूलवर मेमरी ट्रेनिंग, म्हणजे सुरुवातीला रॅम जुळवून घेण्याची पायरी, अडकतं. मुख्य फर्मवेअर नवं आणि ईसीचं (पंखा, बॅटरी सांभाळणाऱ्या छोट्या कंट्रोलरचं) जुनं राहिलं की पंखा किंवा बॅटरी चार्जिंग विचित्र वागतं. सगळ्यात त्रासदायक म्हणजे कारखान्याने मधल्या खेपेत फ्लॅश चिप बदललेली असते, मॉडेलचा नंबर तोच राहतो. नव्या चिपचा आयडी ड्रायव्हरच्या यादीत नसतो आणि त्या खेपेचे नग अपडेटनंतर अडकतात. अशा बदलाची माहिती फक्त विक्रेत्याकडे असते. जबाबदारी त्याची, असं मी म्हणतो त्याचं हेही एक कारण.

एक हिशेब मांडतो, आकडे उदाहरणादाखल. वर्षाला चार अपडेट, प्रत्येकाला पाच दिवसांचं काम, म्हणजे वर्षाचे वीस दिवस आणि पाच वर्षांचे शंभर. ५,००० नग विकले, तर आठ तासांच्या दिवसाने एका नगामागे जेमतेम दहा मिनिटांची मजुरी. एवढी रक्कम किमतीत सहज बसते. ५०० च नग विकले, तर तीच मजुरी दीड तासाच्या वर जाते.

म्हणून थोड्या संख्येच्या बोर्डांसाठी वर्गणी घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. दाशारो हा कोअरबूटवर आधारलेला फर्मवेअर प्रकल्प काही बोर्डांसाठी सोर्स खुला ठेवून तयार बायनरी (थेट भरता येणाऱ्या फाइल) वर्गणीदारांना देतो. तिथे बोर्ड विकणारा वेगळा आणि फर्मवेअर सांभाळणारा वेगळा, त्यामुळे विक्रीतला पैसा सांभाळणाऱ्यापर्यंत येतच नाही. तरीही वर्गणी नव्या सोयींसाठी आणि मदतीसाठी असावी. सुरक्षेची दुरुस्ती कुलपात ठेवली, तर न भरणाऱ्याचं यंत्र इतरांवर हल्ला करायला वापरलं जातं.

नुसत्या देणग्यांवर माझा भरवसा नाही. नव्या फीचरसाठी लोक हौसेने देतात, चौथ्या वर्षीच्या रिग्रेशन टेस्टसाठी (जुनं काही बिघडलं नाही ना, हे तपासण्यासाठी) फारसं कुणी देत नाही. त्यापेक्षा २०२४ अखेरीस आलेल्या ओपनडब्ल्यूआरटी वनची (राउटरसाठी खुलं फर्मवेअर बनवणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाच्या राउटरची) पद्धत मला पटते: विकल्या गेलेल्या प्रत्येक राउटरमागे १० डॉलर प्रकल्पाच्या निधीत जातात. ग्राहकाला वेगळं काही करावं लागत नाही.

चिप बनवणाऱ्यांनाही यातून सुटका नको. इंटेलचं एफएसपी (रॅम, प्रोसेसर सुरू करणारा कोड), मायक्रोकोड, वायफाय चिपचं फर्मवेअर या बंद बायनरी आहेत. त्यांतला दोष बाहेरचा कुणीही दुरुस्त करू शकत नाही. फेअरफोन २ ला २०१५ पासून २०२३ पर्यंत अपडेट मिळाले, पण क्वालकॉमने त्या चिपची साथ त्याच्या कितीतरी आधी सोडली होती आणि पुढचा भार छोट्या कंपनीने वाहिला. उपकरण विकणाऱ्यांनी चिपच्या खरेदी करारातच वर्षं लिहून घ्यायला हवीत.

युरोपियन युनियनचा सायबर रेझिलियन्स कायदा याच दिशेने जातो. ११ डिसेंबर २०२७ पासून त्याची मुख्य बंधनं लागू होतील: साधारणपणे किमान पाच वर्षं साथ, आणि सुरक्षेचे अपडेट सर्वसाधारणपणे मोफत. बिनव्यापारी ओपन सोर्स योगदान देणाऱ्यांवर त्यात उत्पादकाची जबाबदारी नाही. माझी भीती एवढीच की कंपन्या कायद्याच्या कागदपत्रांचं काम या योगदान देणाऱ्यांच्याच गळ्यात फुकट घालतील. कंपनीकडून तसा फॉर्म आला तर त्यांनी सोबत मोबदल्याचा करार मागावा.

मुदत संपल्यावर काय, हे डिझाइन करतानाच ठरवावं लागतं. इंटेल बूट गार्ड या फक्त सही केलेलं फर्मवेअर चालू देणाऱ्या सोयीत सहीच्या किल्लीचा हॅश (तिचा ठसा) चिपसेटच्या फ्यूजमध्ये, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या जागेत, कायमचा जाळला जातो. "नंतर खुलं करू" म्हणून तो पुसता येत नाही, फार तर सहीची किल्ली सोडून देता येते. जागेचंही तसंच. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरना ओपनडब्ल्यूआरटीने १९.०७ या आवृत्तीनंतर सोडलं, कारण नवं कर्नल त्यात मावेना. तिथे कितीही पैसे जमले असते तरी उपयोग नव्हता.

तेव्हा घेण्याआधी विक्रेत्याला विचारा: अपडेटची शेवटची तारीख कोणती, तुमचे बदल मूळ प्रकल्पात गेलेत का, सहीची किल्ली मुदतीनंतर कुणाकडे जाणार, आणि अपडेट फसलं तर घरी परत फ्लॅश करायची सोय आहे का. उत्तरं लेखी मागा.