बॉक्स खराब नाही साहेब, केबल डिबग पोर्टला लागलीय

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला. लाइट गेली की बॉक्स, म्हणजे काट्याचं वजन घेणारा छोटा कॉम्प्युटर, परत चालू होत नाही, लॉगमध्ये (त्याच्या नोंदवहीत) कोणतरी रात्रंदिवस लॉगिन करायला बघतंय म्हणजे व्हायरस आहे, आणि बेळगावच्या दुकानदाराने निपाणीच्या गिऱ्हाइकाला जुना माल खपवला, असं लिहिलंय तुम्ही. जुना का नवा ते बिलावर आहे, त्यावर वाद घालत नाही. बाकी दोन्हीचं कारण एकच आहे आणि ते तुमच्याच फोटोत दिसतंय बघा, वे ब्रिजच्या (ट्रॉली तोलायच्या काट्याच्या) इंडिकेटरची, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याची, केबल कॉम १ या सिरियल पोर्टमध्ये आहे.

कॉम १ डिबगचा, म्हणजे बिघाड शोधायचा, पोर्ट आहे ओ. बॉक्स सुरू होताना आधी यू-बूट (बॉक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) आणि मग लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) आपले मेसेज तिथंच टाकतात, सेकंदाला ११५२०० बिटच्या स्पीडने, आणि बूट झालं की त्याच पोर्टवर लॉगिन प्रॉम्प्ट, म्हणजे युजरनेम विचारणारी ओळ, येतो. इंडिकेटर तर ट्रॉली काट्यावर असो नसो सारखा आकडे पाठवतोय, ९६०० ने. लाइट आली की दोन्ही एकदम चालू होतात, यू-बूट थोडे सेकंद थांबून बघतो कुणी कीबोर्डची की दाबली का, तेवढ्यात इंडिकेटरकडून एक बाइट जरी आला की त्याला वाटतं दाबली, मग बूट सोडून तिथंच बसून राहतो. इंडिकेटरला चालू व्हायला जरा उशीर झाला तर बॉक्स निसटतो, म्हणून कधी होतंय कधी नाही. केबल काढली की चालतंय हे तुम्हीच लिहिलंय की. आणि तो व्हायरस म्हणजे तुमच्या उसाचं वजन आहे! लॉगिन प्रॉम्प्ट ते आकडे युजरनेम समजतो, स्पीड जुळत नाही म्हणून अक्षरं कचरा दिसतात.

आता बदलून नवीन बॉक्स दिला तरी त्याच केबलला तोही असाच अडकणार, म्हणून रिप्लेसमेंट नाही म्हटलं, पैशासाठी नाही.

कॉम २ ला पावतीचा प्रिंटर आहे म्हणून काटेवाल्या पोराने कॉम १ घेतला असणार. सोपा उपाय म्हणजे प्रिंटर यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टरवर टाका, इंडिकेटर कॉम २ ला घ्या, सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट टीटीवाय-एस १ (लिनक्समधलं कॉम २ चं नाव) करा, ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप, फ्लो कंट्रोल (थांब-पाठव सांगायची सोय) बंद. तीनच वायर आहेत, टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची) आणि ग्राउंड, त्यामुळं हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू ठेवून उपयोग नाही.

कॉम १ च मोकळा करून द्या म्हणत असाल तर तेही होतं, कर्नलच्या बूट लाइनमधून सिरियल कन्सोल (मेसेज कॉम १ ला टाकायची सूचना) काढायचा, त्या पोर्टचं गेटी (लॉगिन विचारणारा प्रोग्राम) मास्क, म्हणजे पक्कं बंद, करायचं आणि यू-बूटमध्ये बूटडिले (थांबायचा वेळ) उणे २ करायचा, म्हणजे तो की दाबली का ते बघतच नाही. पण मी सांगणार नाही तसं करा म्हणून, कारण उद्या खरंच बॉक्स अडकला तर नेमका कुठं अडकला ते दाखवणारी तेवढी एकच खिडकी आहे आणि ऐन गाळपात ती बंद करून कसं चालेल.

आणखी एक, आत्ता लॉग रॅममध्ये आहे, लाइट गेली की पुसतो. पाहिजे तर मेमरी कार्डवर ठेवून देतो, साइजला लिमिट लावून, नाहीतर कार्ड भरतंय.

फोन उचलत नाही म्हणालात, तो रविवार होता, संध्याकाळी व्हॉट्सअॅपला रिप्लाय दिलाय बघा. बेळगावात उद्यमबागला येणार असाल तर नुसता बॉक्स आणू नका, इंडिकेटरची केबल पण आणा.